हानूलाच्या पायात बूट होते

न्यू यॉर्क, २० एप्रिल १९४५

प्रिय पोलिक्सेनी,

हे पत्र तुझ्या हाती पडेल की नाही, कोण जाणे. पण यानिनात आता दुसरं कुणाचं नाव मला आठवत नाही, जिला लिहिलं तर उत्तर येईल असं वाटतं. मी दियामांती. येसुलासची मोठी बहीण, किल्ल्याच्या भिंतीलगतच्या गल्लीत तुझ्या समोरच्या दारातली. मला गाव सोडून सोळा वर्षं झाली. चेहरा विसरली असशील, पण आवाज विसरली नसशील. तूच म्हणायचीस, ही बोलली की तळ्यातली बदकं उडतात.

येसुलासला मी सहा पत्रं पाठवली. चार परत आली, वर शिक्का: 'पत्ता सोडला.' पत्ता सोडला म्हणजे काय गं? आमच्या आईला सिनेगॉगपर्यंत चालायचं तरी दोनदा बसावं लागतं. ती पत्ता सोडून जाणार कुठे?

मी इथे एप्रन शिवायच्या कारखान्यात काम करते. आमच्या ओळीत सगळ्या यानिनाच्याच बायका. ग्रीसमधल्या ज्यूंबद्दल वर्तमानपत्रात काय काय छापून येतं, ते एकजण वाचून दाखवते आणि बाकीच्या मशीन जोरात चालवतात, ऐकू येऊ नये म्हणून. मी तर म्हणते, अतिशयोक्ती असणार. एवढी माणसं कुणी नेतं का?

माझ्याकडे चाळीस सालचा फोटो आहे. येसुलासची हानूला तीन वर्षांची, आईच्या, मझाल्तोच्या मांडीवर, कॅमेऱ्याकडे रागानं बघतेय. आता आठ वर्षांची झाली असेल. शाळेत जाते का? वहीचं एक पान जरी तिच्या हातचं आलं तरी मला पुरे.

उत्तर लगेच लिही. वाईट असलं तरी लिही.

तुझी,
दियामांती


यानिना, ३ जुलै १९४५

दियामांती,

पत्र मिळालं. तुझा आवाज विसरले नाही.

वाईट असलं तरी लिही म्हणतेस. लिहिते. माझी शाळा तीन यत्तांची, चुका पोटात घाल.

गेल्या वर्षी मार्चच्या पंचवीस तारखेला, आमच्या शुभवार्तेच्या सणाच्या दिवशी, नेलं सगळ्यांना. सकाळी बर्फ पडत होतं. पोलीस आणि जर्मन घरोघर आले, नावांचे कागद घेऊन. सामान बांधायला वेळ दिला तो एवढासाच. सगळ्यांना तळ्याकाठी उभं केलं, उघड्या ट्रकांत चढवलं. म्हातारी माणसं, बाळंतिणी, कुणालाच सोडलं नाही. संध्याकाळी मी गल्लीत परतले तर माणूस म्हणून नव्हतं. दारं उघडी होती आणि तुमच्या कोंबड्या आत-बाहेर करत होत्या.

पुढे आगगाडीनं उत्तरेला नेलं म्हणे. आता काहीजण परत आलेत. हातावर आकडे गोंदलेले. चांभाराचा मधला मुलगा आलाय. त्यानं मला सांगितलं ते जसंच्या तसं सांगते, कारण दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. गाडीतून उतरल्यावर म्हाताऱ्यांना आणि लहान मुलं असलेल्या बायांना वेगळं काढलं. त्याच दिवशी मारलं. येसुलासला त्यानं हिवाळ्यापर्यंत पाहिला होता. नंतर नाही.

मी त्याला म्हटलं, "तू नीट पाहिलंस का रे?" तो म्हणाला, "मावशी, तिथे पाहण्यासारखं दुसरं होतं काय?"

घरात आता डोंगरावरच्या, जर्मनांनी जाळलेल्या गावातलं एक कुटुंब राहतं. माणसं वाईट नाहीत. त्यांचंही काही उरलेलं नव्हतं.

मुलांबद्दल मला विचारू नकोस. माझ्याच्यानं लिहवणार नाही. तुझ्या घरातलं कुणी उरलं नाही, दियामांती. कुणी नाही.

पोलिक्सेनी


न्यू यॉर्क, १६ सप्टेंबर १९४५

पोलिक्सेनी,

तुझं पत्र कारखान्यात आलं. मी उभ्याउभ्या वाचलं आणि पुन्हा मशीनवर बसले. संध्याकाळपर्यंत एकोणीस एप्रन शिवले. नंतर पाहिलं तर एकालाही बंद लावलेले नव्हते.

मग सात दिवस जमिनीवर बसले. आमच्यात बसतात तसं. यानिनाच्या बायका येऊन बसायच्या, उकडलेली अंडी आणायच्या. मी चार नावं घेतली. आई. येसुलास. मझाल्तो. हानूला. चौथं नाव घेताना बाकीच्या तिघांसारखं तोंडातून निघेना. मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं तर तो माणूस आधी जगलेला तरी पाहिजे ना? सात वर्षं म्हणजे काय जगणं?

तू विचारू नकोस म्हणालीस, तरी विचारते. मला माफ कर. बर्फ पडत होतं म्हणतेस, तर हानूलाच्या पायात बूट होते का? ती रडत होती का? तिला कुणी कडेवर घेतलं होतं, की चालत गेली? मला हे कळलं नाही तर मी रोज नवीन काहीतरी मनात रचते, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा भयंकर. तू तिथे होतीस. तू जे पाहिलंस तेवढंच सांग, म्हणजे मी थांबेन.

सोबत एक खोकं पाठवते आहे. कॉफी, लोकरीचे मोजे, माझ्या हातचे दोन एप्रन. तुझा लाम्ब्रोस आता बाप्या झाला असेल, त्याला मोजे होतील. हे पत्र कॉफीच्या पुड्याखाली ठेवतेय, टपालात हरवू नये म्हणून.

त्यांना शेवटचं पाहणारी तू. म्हणून तू आता माझी बहीण.

दियामांती


यानिनाचं बेट, २ डिसेंबर १९४५

अमेरिकेतल्या दियामांती आत्यास,

खोकं आलं तेव्हा पोलिक्सेनी मावशी मासळी विकायला गेली होती. मी उघडलं. कॉफीखाली पत्र होतं. मला आता वाचता येतं, म्हणून वाचलं.

तू विचारलंस की हानूलाच्या पायात बूट होते का. हो, होते. तपकिरी. डाव्याचा बंद तुटका होता. मी कडेवर नव्हते. मला नेलंच नाही.

मी हानूला आहे. पण इथे बेटावर मला वांगेलियो म्हणतात, आणि मावशीनं सांगितलंय की दुसरं नाव कुणाला सांगायचं नाही. तू तर आत्याच आहेस, म्हणून सांगते. लाम्ब्रोस मेला. मोजे मीच घातलेत, मोठे होतात.

तू लिहिलंस की हानूला मेली. ती तर मेली नाही. म्हणजे तुला कुणीतरी चुकीचं सांगितलंय. मग आई, बाबा, आजी आणि आमचं बाळ मोशेपण मेले नसतील. तेही चुकीचंच असेल. ते तुझ्याकडे अमेरिकेत आलेत का? मावशी म्हणते ते लांब गेलेत. अमेरिका लांब आहे.

आई असली तर तिला विचार की ती अजून रागावली आहे का. त्या दिवशी सकाळी माझ्या हातून तेलाची बरणी फुटली होती. थोडंसंच तेल होतं, पण तेवढंच होतं. मग सैनिक आले आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली की मी तिची नाही. आणि मला मारलं. आधी कधी मारलं नव्हतं. मग मला मावशीकडे टाकून ती मोशेला घेऊन गेली. मोशेला नेलं.

आईला सांग की मी आता काही फोडत नाही. पाण्याचे दोन घडे आणते तरी सांडत नाहीत.

हे पत्र शाळेतल्या बाई टाकणार आहेत. मावशीला सांगू नकोस, ती रडेल.

हानूला


न्यू यॉर्क, २१ जानेवारी १९४६

पोलिक्सेनी,

मला एक पत्र आलं आहे. वहीच्या पानावर. कुणाचं ते तुला सांगायला नको.

मी जिवंत मुलीसाठी सात दिवस जमिनीवर बसले. मी तिचं नाव मेलेल्यांत घेतलं, आणि त्या वेळी ती तुझ्याकडे पाण्याचे घडे वाहत होती! बाई आहेस की कोण आहेस? तुझ्या दाराशी मी लहानाची मोठी झाले. आपण एका ताटात जेवलो. 'कुणी नाही' असं तू दोनदा लिहिलंस. एकदा लिहून तुझं भागलं नाही?

आधी मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. पत्र मी चौघींना दाखवलं. कुणी म्हणालं, पैशांसाठी लिहिलेलं असेल. मग मी तुटक्या बंदाचं वाचलं, आणि मला चक्कर आली. पैशांसाठी लिहिणारा माणूस असं लिहीत नाही.

पण तू मला फसवलंस ते राहू दे बाजूला. त्या पोरीला काय वाटतंय, तुला माहीत आहे का? तिला वाटतंय, बरणी फोडली म्हणून आईनं टाकलं. पावणेदोन वर्षं ती हे मनात घेऊन तुझ्या घरात वावरतेय, आणि तिला वाटतंय की आई इथे माझ्याकडे आहे आणि अजून रागात आहे. माझी भावजय असं वागणार नाही. ती मुंगीला फुंकर मारून बाजूला करणारी बाई. काय झालं त्या सकाळी?

मी पोरीला उत्तर लिहिलेलं नाही. काय लिहू? तिथे मी नव्हते, तू होतीस. आधी तू तिला सांग. सगळं. कोण मेलं तेही. आणि मग मला लिही, की सांगितलं.

मी कागदपत्रं सुरू केली आहेत. ती माझ्या भावाची मुलगी आहे.

दियामांती


यानिना, १० मार्च १९४६

दियामांती,

तू मला जे जे म्हणालीस, ते सगळं मी आहे. आता पहिल्यापासून ऐक.

त्या सकाळी मी दारातलं बर्फ लोटत होते. समोर तुमच्या दाराशी आपला एक पोलीस आणि एक जर्मन सैनिक. आधी येसुलास गाठोडं घेऊन बाहेर आला. मग काकू, तुझी आई, अंगावर शालसुद्धा नाही. मग मझाल्तो, कडेवर मोशे. तुला तो माहीत नाही. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात झाला. आणि तिच्या झग्याला धरून हानूला.

आमच्या दोघींत दहा पावलांचं अंतर होतं. मझाल्तोनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खाली पोरीकडे बघून अशी ओरडली, की हा हिचाच आवाज का, असं मला झालं. "अगं ए, तू कुणाची गं? सकाळपासून पायात पायात! जा की तुझ्या घरी!"

पोरगी म्हणाली, "आई."

तशी तिनं एक ठेवून दिली. डोक्यावरचा रुमाल उडाला पोरीचा. "कोण तुझी आई? पोलिक्सेनी, आवर ना तुझ्या कार्टीला! आमच्यात कशाला घुसतेय?"

सैनिकाला भाषा कळत नव्हती. पोलिसाला कळत होती, आणि तो आपल्या गल्लीत रोज यायचा. त्यानं कागद पाहिला, पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "उचल की मग. पोरं मोकळी सोडता कशाला?" त्यानं कागदावर काय खूण केली, मला माहीत नाही. त्यानं जाणूनबुजून केलं की त्याला खरंच पटलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी धावले आणि उचललं. ती मला चावली. "आई, आई" करून आक्रोश करत होती, आणि ज्यानं ज्यानं ऐकलं त्याला वाटलं, ती मलाच हाक मारतेय. येसुलासनं मागे वळून पाहिलं तर मझाल्तोनं त्याची बाही ओढली. ती स्वतः वळली नाही. कोपऱ्यापर्यंत मी बघत होते. नाहीच वळली.

दुपारी मी होडीतून बेटावर माझ्या माहेरच्या घरी तिला नेलं. लपवलं नाही. लपवलेलं शोधतात. बाम मासळीच्या टोपल्यांमध्ये पुढेच बसवलं. धक्क्यावरच्या सैनिकानं तिच्या गालावर उमटलेली बोटं पाहिली, आणि मलाच दटावलं, बोट हलवून. लेकराला मारतेस म्हणून! दियामांती, त्यांनी. मला. आणि सोडलं.

बेटावर सांगितलं, जळालेल्या गावातल्या माझ्या चुलतबहिणीची मुलगी आहे. सणाच्या दिवशी आली म्हणून सणावरून वांगेलियो, म्हणजे शुभवार्ता, असं नाव दिलं. पाद्रीबाबांनी तिच्याकडे एकदा बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं काही नाही.

आता माझं सांगते. माझ्या लाम्ब्रोसला बेचाळीसच्या हिवाळ्यात भुकेनं नेलं. अकरा वर्षांचा होता. नवरा आधीच तळ्यात गेलेला. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ही उंबऱ्यात शेंगा सोलत बसली होती. मी खरं लिहायलाच बसले होते. 'कुणी उरलं नाही' असं लिहिलं, आणि पुढे 'फक्त' हा शब्द लिहायचा होता. तो लिहिला नाही. हात तिथे थांबला आणि मी पूर्णविराम दिला. मग वाटलं, विसरेल दियामांती. तिला तिथे सगळं आहे. तुला तिथे काय आहे, मला काय माहीत?

आणि आईचं का सांगितलं नाही म्हणशील, तर आधी मला वाटायचं, आईचं बोलणं तिला तेव्हा खरं वाटलंच नसेल. नाही, हेही खोटं. मला माहीत होतं. आईचं नाव निघालं की ती तोंड फिरवायची. आणि मला ते बरं वाटायचं. हे मी पाद्रीबाबांनासुद्धा सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी सांगितलं. सगळं. बरणीचा काही संबंध नव्हता, आईनं तुला वाचवायला मारलं. आणि ते कुणी आता नाहीत, तेही. तिनं ऐकून घेतलं. मग हातातला भाकरीचा तुकडा खाऊन संपवला.

चौथ्या दिवशी म्हणाली, "मला गल्लीत ने." नेलं. तुमच्या दाराशी उभी राहिली. म्हणाली, "आई कुठे उभी होती?" मी दाखवलं. "तू कुठे होतीस? सैनिक कुठे?" दाखवलं. मग मला आईच्या जागी उभं केलं, आणि म्हणाली, "आता म्हण. आई म्हणाली ते म्हण."

मी म्हटलं, "पोरी, नको गं."

"म्हण."

मी म्हटलं. रस्त्यातली माणसं बघत होती. हळू म्हटलं, तर म्हणाली, "असं नाही, ती ओरडली होती." मग ओरडून म्हटलं. 'कोण तुझी आई?' असं म्हटलं, दियामांती, माझ्या तोंडानं, तिच्या तोंडावर. तीनदा म्हणायला लावलं. हात मात्र मी उचलला नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

मग तिनं विचारलं, "सैनिकाला पटलं होतं?"

"पटलं होतं."

"मलापण पटलं होतं," ती म्हणाली. आणि तिथे बर्फ नव्हतं, काही नव्हतं, तरी ती थंडीनं काकडावं तशी थडथडायला लागली. मी जवळ घ्यायला गेले, तर ढकललं मला.

कागदपत्रं कर. मी आडवी येणार नाही.

पोलिक्सेनी


न्यू यॉर्क, ५ जून १९४७

पोलिक्सेनी,

सव्वा वर्षात मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. हानूलाला लिहिलेल्या पत्रांतून तुला माझी खुशाली कळत होतीच. राग धरून गप्प होते असं नाही. कोणत्या पोलिक्सेनीला लिहायचं, ते कळत नव्हतं. तू तिला वाचवलंस आणि तू माझ्याशी खोटं बोललीस. दोन्ही तूच. एकीचे पाय धरायचे आणि दुसरीचं तोंड बघायचं नाही, असं मला करता येत नाही.

कागद झाले. सप्टेंबरमध्ये पिरायसहून बोट आहे. छावणीतून परतलेली आपल्या गावची एक बाई त्याच बोटीनं मुलाकडे येतेय, ती सोबत करील. मी हानूलाला विचारलं, येशील ना? तिनं लिहिलं: 'येते. पण राहणार की नाही, ते तिथे आल्यावर सांगेन.' आमच्या नेग्रिन घराण्याचीच पोर आहे, यात शंका नाही.

मझाल्तोनं तुझ्याकडे एकदा पाहिलं, असं तू लिहिलं होतंस. त्या एका वाक्यावर मी सव्वा वर्ष काढलं. गल्लीत एवढी दारं असताना तुझं दार उघडं होतं.

दियामांती


यानिना, ४ सप्टेंबर १९४७

दियामांती,

हे पत्र हानूलाच्या कोटाच्या आतल्या खिशात शिवून देतेय. उद्या सकाळची बस आहे.

ती मोठ्या बुटांचा आवाज ऐकला की बोलता बोलता थांबते. तेव्हा काय झालं म्हणून विचारू नकोस, तूच बोलत राहा. तुझा आवाज पुरेल. कांदा काढून टाकते, ओरडू नकोस. गणितात हुशार आहे. खोलीचं दार बंद करू नकोस. तिच्यासमोर कुणी कुणाच्या लेकराला लटकं रागावलं, 'तू आमची नाहीसच' असं थट्टेनं म्हटलं, तर त्या माणसाला बाजूला घेऊन सांग. आपल्याकडे ही थट्टा सगळेच करतात. तिच्यासमोर नको.

काल कपडे भरताना ती म्हणाली, "मावशी, तू म्हण ना, मला तू नको आहेस म्हणून. मग मला जाता येईल."

मला तिचं म्हणणं कळलं. सोपं गेलं असतं तिला. मी तोंड उघडलंसुद्धा. पण झालं नाही. मझाल्तोच्या एका नखाची ताकद माझ्यात नाही. मी म्हटलं, "तू मला हवी आहेस. तरी जा." त्यावर ती भांडली, मोजे फेकले, खूप रडली. त्या सकाळनंतर मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. दुपार होती, कोळणी मासे घ्या म्हणून ओरडत होत्या, आणि मी हललेच नाही.

तिनं मला माफ केलेलं नाही. माफ कर म्हणून तू तिला सांगू नकोस. तिला वाटलं तर ती पत्र लिहील. नाही वाटलं तर तू लिही. मोठं नको, दोन ओळी. पोचली, जेवते, उंच झाली, एवढंच. आजारी पडली तर आजारी आहे म्हणून लिही. माझी आठवण काढत नसेल, तर काढत नाही म्हणून लिही.

खरं तेच लिही.

पोलिक्सेनी